तीन दिवसांपूर्वीचं पाणी

सातवीच्या वर्गाबाहेरून जाणाऱ्या कुणालाही माझा तास ओळखू यायचा. चाळीस-पन्नास पोरं एका तालात म्हणत असायची: प्लस प्लस प्लस, मायनस मायनस प्लस, प्लस मायनस मायनस, मायनस प्लस मायनस. बाकावर हात पडायचे, शेवटच्या ‘मायनस’ला सगळ्यांचा आवाज एकदम खाली यायचा. वारणानगर हे बालवाद्यवृंदाचं गाव. इथल्या पोरांच्या अंगातच ठेका आहे, आणि त्या ठेक्यावर मी गणित बसवलंय याचा मला अभिमान होता. शेजारच्या वर्गातले शिक्षक म्हणायचे, “तुमची पोरं चिन्हाला चुकणार नाहीत.” मलाही तसंच वाटायचं.

ती चुकत होती. वर्षानुवर्षं, एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने. आणि ती चूक मी त्यांच्या हातात दिलेली होती. हे कळायला मला वीसहून अधिक वर्षं लागली. ते कसं कळलं, हे आज जसं घडलं तसं लिहितो आहे.

मी कोडोलीचा. शिकवणं सगळं याच पट्ट्यात झालं. तात्यासाहेब कोरे यांनी माळावर साखर कारखाना उभा केला, त्याच्या मागून दूध संघ, बाजार, महाविद्यालयं आली, आणि ऊस व दूध यांच्या हिशेबावर चालणाऱ्या घरांतली मुलं माझ्यासमोर येऊन बसली. त्यांच्या घरात वजाबाकी नवी नव्हती. उसाच्या बिलातून सोसायटीचं कर्ज वळतं होतं, दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याची कपात होते, हे त्यांना पाढ्यांच्या आधी ठाऊक असायचं. तरी मी त्यांना घोषणा पाठ करायला लावली, कारण माझी समजूत पक्की होती: आधी नियम हातात बसू दे, कारण मागाहून कळेल. मलाही तसंच शिकवलं होतं. तेव्हा सातवीला शिष्यवृत्तीची परीक्षा असायची, तीत ‘का’ कुणी विचारत नसे, उत्तराच्या पर्यायापुढचा गोल रंगवायचा असे. पोरांना गुण पडत होते. मग बदलायचं कशाला?

आता त्या चुकीविषयी. ‘पूर्णांक संख्यांचा गुणाकार व भागाकार’ शिकवून झाला की पुढच्या चाचणीत मी एक साधं उदाहरण घालायचो: −३ − ५ = ? वर्गातली बरीच मुलं लिहायची ८. नुसतं ८ नव्हे, पुढे ठसठशीत अधिकचं चिन्ह काढून +८. हीच मुलं सहावीत −८ लिहीत होती. म्हणजे एक वर्ष जास्त शिकल्यावर त्यांना जमणारी गोष्ट जमेनाशी झाली होती. मी लाल शाईने गोल करायचो आणि बाजूला लिहायचो, ‘निष्काळजीपणा’. पुढे बैजिक राशी आल्या की तीच चूक मोठी होऊन यायची. −२क्ष − ३क्ष याचं उत्तर कुणी ५क्ष लिहायचं, कुणी ६क्ष². मी पुन्हा तेच लिहायचो. पालकसभेत सांगायचो, “मुलगा हुशार आहे, पण लक्ष नाही.”

लक्ष होतं हो. माझ्या घोषणेकडे त्याचं पूर्ण लक्ष होतं. ‘मायनस मायनस प्लस’ या तीन शब्दांत ‘गुणिले’ कुठे आहे? −३ − ५ कडे बघितलं की दोन मायनस दिसतात. दोन मायनस दिसले की प्लस, असं मीच त्याला बाक वाजवून शिकवलं होतं. सर सांगतात त्यावर विश्वास ठेवणारं पोर इथे चुकायचं, आणि तासाला खिडकीबाहेर बघत बसलेलं पोर कधीकधी बरोबर यायचं. हे वाक्य लिहिताना आजही मला वाईट वाटतं.

एका मुलीने मला वेळेत सावध केलं होतं. २००० सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. धन म्हणजे जमा आणि ऋण म्हणजे कर्ज, असं मी फळ्यावर समजावत होतो. बेरीज-वजाबाकीपर्यंत ते छान चाललं. मग गुणाकार आला आणि मी सवयीने नियमाची चौकट काढली. ती उभी राहिली आणि म्हणाली, “सर, कर्जाला कर्जानं गुणलं तर पैसे कसे येतील? आमच्या बाबांना दोन ठिकाणचं कर्ज हाय.” वर्ग हसला. मी हसलो नाही, पण त्याहून वाईट केलं. म्हणालो, “नियम आहे. लिही.” ती बसली, तिने लिहिलं. दहावीपर्यंत ती माझ्याकडे होती. गणितात तिने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. मी ते शिस्तीच्या खात्यावर मांडून घेतलं.

पुढे कितीतरी वर्षांनी एका लेखात वाचलं की स्तांदाल या फ्रेंच कादंबरीकाराला लहानपणी नेमका हाच प्रश्न पडला होता. १७८३ साली जन्मलेला हा माणूस आत्मकथनात लिहून गेला आहे की दहा हजार फ्रँकचं कर्ज पाचशे फ्रँकच्या कर्जाने गुणल्यावर पन्नास लाखांची संपत्ती कशी होते, हे त्याच्या शिक्षकांना सांगता आलं नाही. गणितावर त्याचं प्रेम होतं, आणि हा काटा त्याला आयुष्यभर सलत राहिला. ते वाचलं त्या रात्री मला ती मुलगी आठवली. ग्रेनोबलचा मुलगा आणि पन्हाळा तालुक्यातली मुलगी, मध्ये दोनशे वर्षं, आणि दोघांना मिळालेलं उत्तर एकच: नियम आहे.

पण माझं मत त्या लेखाने बदललं नाही. ते बदललं २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पुराच्या वेळी.

त्या पुराचं आमच्या भागात कुणाला काही सांगावं लागत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची नदीची पातळी हा घराघरातला आकडा असतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळेत न शिकलेल्या आजीलाही पाठ असतं. त्या वर्षी तो आकडा ५५ फुटांच्या वर गेला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. इकडे चांदोली धरणातून विसर्ग सुरू, आणि वारणा नदी पात्र सोडून उसात शिरलेली. शाळा बंद होत्या. आम्ही काही जण भाकरी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन नदीकाठच्या गावांकडे जात होतो.

एका गावात नदीकडे उतरणारा डांबरी रस्ता थेट पाण्यात गेला होता. तिथे एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर घोंगडं टाकून उभे होते. रस्त्याच्या कडेला त्यांनी ओळीने काठ्या रोवलेल्या होत्या, तुरीच्या वाळक्या काठ्या, प्रत्येकीच्या टोकाला कापडाची चिंधी. रोज सकाळी पाण्याच्या कडेला एक काठी. सगळ्यात खालची त्या दिवसाची, तिच्या बुडाशी पाणी लागलेलं, वर गढूळ फेस.

मी विचारलं, “बाबा, उतरतंय का पाणी?”

“उतराय लागलंय की, गुर्जी. दिसाला पाच पावलं मागं सरतंय.” मग वळून त्यांनी चढाकडे हात केला. “तीन दिसामागं त्या तिथं व्हतं. पंधरा पावलं वर.”

मी त्या काठ्यांकडे बघत राहिलो. पाणी मागे सरतंय, रोज पाच पावलं: −५. तीन दिवस मागे जायचं: −३. पाणी वर पंधरा: +१५. वीस-बावीस वर्षं मी जे म्हणवून घेत होतो ते एका माणसाने घोंगडं सावरत बोलता बोलता करून दाखवलं होतं. आणि त्यात नियम असा काही नव्हताच. पाणी उतरत असेल तर काल ते वर असणार, दुसरं काय होणार!

बाकीची तिन्ही उदाहरणंही त्याच काठ्यांवर होती. अजून तीन दिवसांनी पाणी पंधरा पावलं खाली असेल. आधी पाणी चढत होतं, तेव्हा दोन दिवसांनी ते दहा पावलं वर येणार होतं, आणि दोन दिवसांपूर्वी दहा पावलं खाली होतं. चढणं-उतरणं हे एक चिन्ह, पुढचा-मागचा दिवस हे दुसरं. दोन चिन्हं, दोन वेगळी कामं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच होतं. मी दोन्ही संख्यांना कर्ज म्हणत होतो. रुपयांना रुपयांनी गुणायला लावत होतो. गुणाकारात एक संख्या वस्तूची असते आणि दुसरी ‘किती वेळा’ची. वजा रुपये म्हणजे कर्ज, हे ठीक. पण वजा वेळा म्हणजे काय, हे मी कधी सांगितलंच नव्हतं, कारण मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर अंघोळ करून बसलो आणि वहीच्या पाठीमागे काठ्या काढल्या. बायको म्हणाली, “पुराचं चित्र काढताय का?” मी म्हटलं, “गुणाकार.”

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण माझं डोकं नव्या मताने तापलं होतं. त्या वर्षी सातवीला मी घोषणा बंद करून टाकली. फक्त पाणी, काठ्या, मागचे-पुढचे दिवस. पोरांना आवडलं. पण जानेवारीत लक्षात आलं की साध्या (−७) × (−८) साठीही काही मुलं नदी काढत बसतात, आणि क्ष आला की हातपाय गाळतात. −२क्ष म्हणजे कुठली नदी? (−४क्ष) × (−३क्ष) मध्ये दिवस कोणते? एक मुलगा कळवळून म्हणाला, “सर, क्षचं पाणी चढतंय का उतरतंय ते सांगा की.” त्याचा प्रश्न रास्त होता. काठी त्या रस्त्यापुरती खरी होती. बैजिक राशीला तिच्यापेक्षा जास्त पोचणारं काहीतरी हवं होतं.

तेव्हा मी जुन्या पुस्तकांकडे वळलो. आपण बीजगणित पश्चिमेकडून आलेलं समजून शिकवतो, आणि धन-ऋण हे शब्द मात्र ब्रह्मगुप्ताचे वापरतो. इ. स. ६२८ मध्ये त्याने धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजेचे, गुणाकाराचे, भागाकाराचे नियम सूत्रांत बांधले. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला, लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख सांगतो की त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ उभारला. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. इतक्या जवळचा माणूस, आणि मी त्याला फक्त ‘थोर भारतीय गणिती’ या निबंधापुरता ओळखत होतो.

भास्कराचार्य ऋणसंख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. लीलावतीत एक त्रिकोण आहे: पाया ९, बाजू १० आणि १७. शिरोबिंदूतून लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती? गणित केलं की एक तुकडा १५ येतो आणि दुसरा −६. तुकडा उणे सहा कसा असेल? भास्कराचार्य सांगतात की ऋण म्हणजे उलट दिशेला. लंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो, पाया सहा एकक दुसऱ्या बाजूला वाढवायचा. ताळा करून पाहिला: १७ चा वर्ग २८९, त्यातून १५ चा वर्ग २२५ वजा, राहिले ६४. १० चा वर्ग १००, त्यातून ६ चा वर्ग ३६ वजा, राहिले ६४. लंब ८, दोन्हीकडून. इथे −६ चा वर्ग +३६ धरला नाही तर त्रिकोण जुळतच नाही.

दुसरं उदाहरण मी आयुष्यभर अर्धंच सांगत आलो होतो. माकडांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, उरले त्यांचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. कळप किती? मी उत्तर सांगायचो ५०, आणि पोरं टाळ्या वाजवायची. पण त्या समीकरणाला दुसरंही उत्तर आहे, ५. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२, त्याचा वर्ग ४, फांदीवरचं एक मिळवलं की ५. हिशेब अगदी बरोबर बसतो. भास्कराचार्यांनी ते उत्तर मांडलं आणि बाजूला ठेवलं, कारण ‘उणे दोन माकडं’ लोक मानत नाहीत. मला हे वाचून फार बरं वाटलं. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसालाही ठाऊक होतं की मधल्या पायरीवर उणे दोन आले तरी गणित मोडत नाही. ते पटत नाही ते माणसांना, आणि म्हणून शिकवणाऱ्याने तिथे थांबून बोलावं लागतं.

गणित मोडत नाही, या शब्दांनी मला पुढची वाट दाखवली. (−३) ला ५ आणि −५ यांच्या बेरजेने गुणायचं. बेरीज शून्य, म्हणून गुणाकार शून्यच यायला हवा. आता कंस सोडवा: (−३) × ५ हे −१५, त्याविषयी कुणाची तक्रार नाही. मग (−३) × (−५) किती असलं की सगळं मिळून शून्य होईल? पंधराच. दुसरं काही चालणारच नाही. कंस सोडवण्याचा जो नियम मुलं धन संख्यांसाठी खुशीने मानतात, तो ऋण संख्यांनाही लागू राहावा इतकं म्हटलं की उत्तर आपसूक ठरतं. हे मी पहिल्यांदा कागदावर नीट करून पाहिलं तेव्हा वयाची पन्नाशी ओलांडली होती. त्याआधी हजारो मुलांना मी सांगितलं होतं, नियम आहे, लिही.

हीच गोष्ट हाताने करता यावी म्हणून पुढे, कोरोनात बंद पडलेल्या शाळा पुन्हा नीट भरायला लागल्यावर, मी वर्ग मैदानावर नेला. फक्कीने दहा बाय दहाचे शंभर चौकोन आखले. प्रत्येकात एक चिंचोका. ही उसाची पट्टी समजा, म्हटलं. एका अंगाने रस्ता जाणार आहे, तीन ओळी जातील. दुसऱ्या अंगाने पाट येणार आहे, दोन ओळी जातील. एका तुकडीने रस्त्याच्या तीन ओळी उचलल्या, तीस चिंचोके मोजून हातात दिले. दुसरी तुकडी पाटाच्या दोन ओळी उचलायला गेली. वीस यायला हवे होते. तिने पुन्हा पुन्हा मोजलं, मग तिथून आरोळी आली, “सर, सहा कमी भरतायत!”

मैदानावर थोडा वेळ भांडण झालं. कुणीतरी खिशात घातले असा आरोप झाला. मग एक बारका पोरगा कोपऱ्यात जाऊन रिकाम्या चौकोनांवर उभा राहिला आणि म्हणाला, “हे सहा पहिल्यांदाच उचलल्यात की. रस्त्यानंबी हेच नेले आणि पाटबी हेच मागतोय.”

मी फळा मैदानावर आणलेला नव्हता. जमिनीवरच काठीने लिहिलं: (१० − ३) × (१० − २). शंभरातून तीस गेले, वीस गेले, राहिले पन्नास. पण जमिनीवर उरलेले चिंचोके मोजले तर छप्पन्न. सात आठे छप्पन्न, हे तर दुसरी-तिसरीपासून पाठ. ते जास्तीचे सहा कुठले? कोपऱ्यातले. दोनदा वजा झाले म्हणून एकदा परत द्यायचे. ते सहा म्हणजे (−३) × (−२). उणे सहा धरले असते तर चव्वेचाळीस आले असते आणि पाढा खोटा पडला असता. मग दहाच्या जागी क्ष लिहिला: क्ष² − ५क्ष + ६. तो बारका पोरगा अजून कोपऱ्यातच उभा होता. तो म्हणाला, “हे सहा म्हणजे माझे.” त्या वर्षी त्या वर्गात शेवटच्या पदाचं चिन्ह चुकलं की मुलं एकमेकांना म्हणायची, “कोपरा विसरलास.”

भागाकाराला मग फारसा वेळ लागत नाही. भागाकार हा गुणाकाराचाच उलटा प्रश्न आहे हे धरून ठेवलं की −१२ ला −४ ने भागणं म्हणजे ‘−४ ला कितीने गुणलं की −१२?’ एवढंच. पाणी बारा पावलं मागे सरायचंय, रोज चार सरतं, दिवस तीन, धन तीन. बैजिक राशींत मात्र एका सवयीशी मला अजून झगडावं लागतं, ती म्हणजे ‘कट मारणं’. −१२क्ष³ भागिले ४क्ष, इथे वर-खाली कट मारला की −३क्ष² येतं, छान. पण ६क्ष + ३ ला ३ ने भागायचं असलं की मुलं त्या ३ वर कट मारतात आणि ६क्ष तसाच ठेवतात. हीसुद्धा माझ्यासारख्याच कुणाच्या तरी घाईची शिकवण आहे. ‘कट’ हा शब्द नेमकं कुणी कुणाला भागलं ते लपवतो, जशी माझी घोषणा ‘गुणिले’ लपवत होती.

दुधाच्या बिलाचं उदाहरण मला एका विद्यार्थ्यानेच आणून दिलं. त्याच्या आईच्या बिलात गावच्या संस्थेकडून पशुखाद्याचे साडेचारशे रुपये लागोपाठ तीन बिलांत चुकून कपात झाले होते. पुढच्या बिलात तिन्ही कपाती रद्द झाल्या आणि साडेतेराशे जास्त आले. छापलेली चिठ्ठी त्याने वहीत डकवून आणली, खाली लिहिलं होतं: (−३) × (−४५०) = +१३५०. तीन वेळा काढून घेतलं ते कपातच होतं, असं त्याने मला समजावलं. १९९८ साली वारणा परिसरातली सत्तरेक गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प इथे आला, तेव्हा मी पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगायचो की आमच्या शेतकऱ्याचा हिशेब आता यंत्र करतं. त्या हिशेबातच ऋण गुणिले ऋण पडलेलं होतं आणि ते त्या मुलीला दाखवायचं मला सुचलं नव्हतं. कर्जाने कर्ज गुणायचं नसतं पोरी, झालेली कपात जितक्या वेळा रद्द होते तितके पैसे परत येतात, एवढंच तर सांगायचं होतं.

एका सहकाऱ्यांनी मला तेव्हा विचारलं होतं, “पस्तीस मिनिटांच्या तासात हे सगळं करत बसलात तर अभ्यासक्रम कधी संपवणार?” त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. नियमाची चौकट दहा मिनिटांत होते. काठ्या, चिंचोके आणि कंस मिळून मला पाच-सहा तास लागतात. पुढच्या धड्यांतून ते कापावे लागतात. पण मार्चमध्ये त्याच चुकीच्या दुरुस्तीत जे तास जायचे, ते मी आधी कधी मोजलेच नव्हते.

आणि पाठांतर मी टाकून दिलेलं नाही. घोषणा बंद केल्याचं ते एक वर्ष मला महाग पडलं. पाढा जसा जिभेवर हवा तसं चिन्हही हवं, नाहीतर मोठ्या उदाहरणात मूल दमतं. आता आम्ही चिंचोके वेचून झाल्यावर म्हणतो, आणि पूर्ण वाक्य म्हणतो: ऋण गुणिले ऋण, बरोबर धन. ‘गुणिले’वर बाक वाजतो. मग मी मध्येच फळ्यावर −३ − ५ लिहितो आणि हात वर करून सगळ्यांना गप्प करतो. कुणीच म्हणत नाही. ती शांतता ऐकायला मला फार आवडतं.

मागच्या दिवाळीत वारणा बाजारमध्ये तेल आणि पणत्या घ्यायला गेलो होतो. बिलाच्या रांगेत मागून हाक आली, “सर!” तीच होती, कर्जाचा प्रश्न विचारणारी. ओळखायला वेळ लागला नाही. आता तिचा मुलगा सातवीत आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या शाळेत. तिने कौतुकाने त्याला पुढे केलं. “ह्याला गणित मीच शिकवते, सर. तुम्ही शिकवलेलं अजून पाठ आहे माझं. म्हणून दाखव रे सरांना.”

मुलगा लाजला, मग एका दमात म्हणाला, “मायनस मायनस प्लस.” त्याच ठेक्यात. शेवटी आवाज खाली.

मी तिला म्हटलं, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला येत नव्हतं. म्हणून तुला बसवलं मी.” ती गोंधळली. तिला तो प्रश्न आठवतच नव्हता. तिच्या लक्षात फक्त घोषणा राहिली होती.

रांग पुढे सरकली. बिल हातात आल्यावर आम्ही बाजूला झालो, आणि त्याच बिलाच्या पाठीमागे मी एक उतरता रस्ता काढला, त्याच्या कडेने काठ्या, आणि शेवटच्या काठीशी पाणी. “रोज पाच पावलं मागे सरतंय,” मी मुलाला म्हणालो. “तीन दिवसांपूर्वी कुठे होतं?”

त्याने बोटाने काठ्या मोजल्या, खालून वर. तो काही बोलायच्या आतच त्याच्या आईने पिशवी खाली ठेवली आणि कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः बघायला लागली.